गुऱ्हाळ शेतीत की उद्योगात? कोणतं काम कोणत्या क्षेत्रात मोडतं हे ठरवायची रीत

गुऱ्हाळ चालवणारे एक ओळखीचे शेतकरी, अण्णा, उद्यम नोंदणीसाठी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माझ्याकडे आले होते. "मुख्य व्यवसाय" या रकान्यापाशी गाडी अडली. अण्णांचं म्हणणं, "लिहा की शेती. सात-बारा आहे माझ्याकडं." सोबत आलेला बारावीतला मुलगा म्हणाला, "अण्णा, गूळ करतोय म्हणजे द्वितीयक व्यवसाय झाला." आणि गुऱ्हाळाशेजारीच रस्त्याकडेला त्यांचा स्टॉल होता. तिथे स्वतःच्या गुळासोबत बाहेरून आणलेली काकवीची चिक्की, मध, मसालेही विकायला ठेवलेले. म्हणजे दुकानदारीही आलीच.

गंमत अशी की दोघंही बरोबर होते. "शेतकरी" ही अण्णांची ओळख आहे, तर "द्वितीयक" हे त्यांच्या एका कामाचं वर्गीकरण. या दोन गोष्टींची गल्लत झाली की परीक्षेतलं उत्तरही चुकतं आणि फॉर्मही. खाली दिलेली रीत मी विद्यार्थ्यांना शिकवताना आणि अर्ज भरताना वापरतो.

आधी पुस्तकातलं, थोडक्यात

जमीन, पाणी, जंगल, खाण यांतून थेट काही मिळवणं म्हणजे प्राथमिक क्षेत्र. मिळालेल्या मालाचं रूप बदलून नवी वस्तू तयार करणं म्हणजे द्वितीयक. वस्तू न बनवता वाहतूक, व्यापार, बँक, शिक्षण, आरोग्य अशा सेवा देणं म्हणजे तृतीयक. ही तीन खणांची मांडणी १९३०च्या दशकात ॲलन फिशर यांनी पुढे आणली आणि १९४०मध्ये कॉलिन क्लार्क यांनी देशोदेशींच्या आकडेवारीवर ती लावून दाखवली. संशोधन, सॉफ्टवेअर, सल्ला अशा ज्ञानावर चालणाऱ्या कामांना चतुर्थक म्हणायची पद्धत नंतर आली. शाळेच्या भूगोलात ती आहे; सरकारी हिशेबात मात्र ही कामं सेवांमध्येच मोजतात. फॉर्ममध्ये "चतुर्थक" शोधत बसू नका.

पायरी १: हे काम हिशेबात धरलं जातं का?

क्षेत्र शोधण्याआधी हा प्रश्न विचारावा लागतो आणि बहुतेक जण तो गाळतात.

शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी बाजारात गेली नाही, तरी देशाच्या उत्पन्नात ती मोजली जाते. पण त्याच ज्वारीच्या भाकरी घरातल्या बाईने घरच्यांसाठी थापल्या तर ते काम मोजलं जात नाही. तीच बाई खानावळीत पगारावर भाकरी थापायला लागली की काम मोजणीत येतं. नियम असा: स्वतःच्या घरासाठी केलेलं वस्तूंचं उत्पादन आत, स्वतःच्या घरासाठी केलेल्या सेवा बाहेर. याला दोन अपवाद आहेत. घरकामाला पगारी माणूस ठेवला तर ती सेवा आत येते, आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असलात तरी त्या घराचं अंदाजी भाडं उत्पन्नात धरतात.

हा नियम न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं आढळलं. ही पाच तासांची मेहनत कोणत्याच क्षेत्रात दिसत नाही. माझ्या मते हे या वर्गीकरणातलं सगळ्यात मोठं भगदाड आहे. पण परीक्षेत किंवा फॉर्मवर तुम्हाला नियमाप्रमाणेच चालावं लागणार.

पायरी २: माणूस सोडा, कामाचे तुकडे पाडा

"ऊस कोणत्या क्षेत्रात येतो?" हा प्रश्नच चुकीचा आहे. ऊस ही वस्तू आहे. वर्गीकरण होतं ते उसावर कुणीतरी केलेल्या कामाचं. त्यामुळे शेतातल्या सरीपासून चहाच्या कपापर्यंत साखळी मांडायची आणि प्रत्येक कडी वेगळी बघायची.

लागण, भांगलण, पाणी पाजणं हे सरळ प्राथमिक. पुढची कडी ऊसतोडीची. बीड, अहिल्यानगरकडची टोळी येते, मुकादमाने उचल दिलेली असते आणि पैसा शेवटी कारखान्याकडून येतो. म्हणून पुष्कळ मुलं याला उद्योग म्हणतात. पण पैसा कुठून आला यावर क्षेत्र ठरत नाही. कोयत्याने होतं ते पिकाची कापणी. दुसऱ्याच्या शेतात मोबदल्यावर केलेली कापणी ही शेतीला पूरक काम म्हणून शेतीच्याच विभागात बसते. तोडणी प्राथमिक.

ट्रकमालक भाड्याने ऊस वाहतो तेव्हा ती वाहतूक सेवा, म्हणजे तृतीयक. पण कारखान्याने स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या कामासाठी माल हलवला तर तो कारखान्याच्या मुख्य कामाचाच भाग. रस्ता तोच आणि मालही तोच, पण पहिल्या गाडीची नोंद वेगळी होते, दुसरीची होत नाही.

गाळप होऊन साखर निघते ते द्वितीयक. मळीपासून अल्कोहोल आणि बगॅस (उसाचं चिपाड) जाळून वीज हेही द्वितीयकच; मात्र साखर, रसायन आणि वीज असे तिघांचे संकेतांक (सरकारी यादीतले कोड) वेगळे. कारखान्याने शाळा किंवा दवाखाना काढला असेल तर ते काम तृतीयक. सहकारी कारखानदारीची सुरुवात जिथे झाली त्या प्रवरानगरला आज नुसतं चालत फिरलात तरी ऊस, कारखाना, महाविद्यालय, रुग्णालय अशी तिन्ही क्षेत्रं एका फेरीत बघून होतात.

पुढे साखरेचा घाऊक व्यापारी, किराणा दुकानदार, पोतं उचलणारा हमाल हे सगळे तृतीयक. आणि चहाची टपरी? तीही तृतीयक. का ते चौथ्या पायरीत.

पायरी ३: प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न

काम वेगळं काढलं की क्रमाने विचारा. हे निसर्गातून थेट काढलं, पिकवलं किंवा पाळलं का? हो असेल तर प्राथमिक. नसेल, तर आलेल्या मालाचं रूपांतर होऊन वेगळी वस्तू तयार झाली का, किंवा काही बांधलं गेलं का? हो असेल तर द्वितीयक. दोन्हीचं उत्तर नाही आलं तर तृतीयक.

बांधकामावर मुलं हमखास अडखळतात, कारण गवंडी "सेवा देतो" असं वाटतं. घर, रस्ता, धरण बांधणं द्वितीयक आहे. वीजनिर्मिती, गॅस, पाणीपुरवठा हेही द्वितीयकच धरतात.

दूध काढणं प्राथमिक, त्याचं श्रीखंड करणं द्वितीयक आणि श्रीखंडाचे डबे दुकानातून विकणं तृतीयक. इतपत सगळ्यांना जमतं.

पायरी ४: जिथे हमखास चूक होते ती कामं

पिठाची गिरणी घ्या. गहू तुमचा, पीठही तुमचं. गिरणीवाला फक्त दळणाचे पैसे घेतो. म्हणून "सेवा" हे उत्तर येतं. पण गव्हाचं पीठ झालं, रूप बदललं. कच्चा माल कुणाच्या मालकीचा आहे याने फरक पडत नाही. मजुरीवर केलेलं रूपांतरही उत्पादनच. गिरणी द्वितीयक.

शिंप्याचंही तसंच. माप घेऊन कापड शिवणारा शिंपी वस्त्रनिर्मितीत येतो. तोच जुन्या पँटची चेन बदलून देतो तेव्हा ती दुरुस्ती, म्हणजे सेवा. सकाळी द्वितीयक आणि दुपारी तृतीयक, एकाच मशीनवर!

मग वडापाव? बटाट्याचं रूप तर पार बदललं. पण इथे नियम वेगळा: लगेच खाण्यासाठी तयार करून दिलेलं अन्न ही खानपान सेवा. म्हणून वडापावची गाडी, चहाची टपरी, हॉटेल तृतीयक. पापड, लोणची, पाव मात्र द्वितीयक. बेकरीवाला पाव भाजून त्याच जागेवर गिऱ्हाइकाला विकतो, तरी तो दुकानदार ठरत नाही. जिथे बनवलं तिथेच विकलं तर काम उत्पादनातच राहतं. अण्णांच्या स्टॉलसाठी हा नियम लक्षात ठेवा.

आता कापसाचं जिनिंग. यवतमाळ, अकोला, जळगावकडे जिनिंग मिल ही मोठी यंत्रं, शेड, कामगार असलेली चीज. शाळेच्या उत्तरपत्रिकेत ती द्वितीयक, आणि तिथे तसंच लिहा. पण राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात (कामांची सरकारी यादी; ती सहाव्या पायरीत येईल) सरकी काढून कापूस बांधणं हे काढणीनंतरचं काम मानून शेतीच्या विभागात टाकलंय! दुसरीकडे, कारखान्यांची दरवर्षी पाहणी होते तिच्यात जिनिंग मिल मोजली जाते. एकच मिल एका तक्त्यात शेती, दुसऱ्यात उद्योग. यात विसंगती वाटेल, पण प्रत्येक तक्ता वेगळ्या कामासाठी केलेला असतो.

मिठागर खाणकामात जातं. समुद्राचं पाणी वाळवून मीठ मिळवणं हे खनिज काढणंच मानलंय, म्हणून प्राथमिक. आणि मासळी बंदरावरचा बर्फाचा कारखाना? तो खाद्यपदार्थांत नाही, वीज-वाफ-वातानुकूलन पुरवठ्याच्या गटात आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही छपाईची चूक समजलो होतो.

पायरी ५: एकाच माणसाची तीन कामं असतील तर

इथे नियम एकच: ज्या कामातून सगळ्यात जास्त मूल्यवर्धन होतं ते मुख्य काम. विक्री किती झाली यावर नाही, कोणत्या कामाला किती वेळ गेला यावरही नाही.

मूल्यवर्धन म्हणजे तयार मालाची किंमत वजा बाहेरून घेतलेला माल आणि सेवा. मजुरी वजा करायची नाही. ही चूक अगदी हिशेबात मुरलेली माणसंही करतात, कारण त्यांच्या डोक्यात नफा असतो. मजुराला दिलेले पैसे हा त्या कामाने निर्माण केलेल्या मूल्याचाच हिस्सा आहे.

अण्णांचं गणित समजायला सोपे आकडे घेऊ. समजा एक टन ऊस ३,००० रुपयांचा. तो पिकवायला खत, बेणं, पाणी, औषधं यांवर १,००० गेले. शेतीचं मूल्यवर्धन २,००० रुपये. त्या टनातून ११० किलो गूळ निघाला, किलोला ४५ प्रमाणे ४,९५० रुपये. त्यातून उसाचे ३,००० आणि रानभेंडी, चुना, डिझेल, बांधणीचं साहित्य यांचे २५० वजा करा. जळण म्हणून चुलवाणात चिपाडच जातं, त्याला वेगळा खर्च नाही. गुऱ्हाळाचं मूल्यवर्धन १,७०० रुपये.

सगळा ऊस घरचा असेल तर २,००० विरुद्ध १,७००: मुख्य काम शेती. पण अण्णा निम्मा ऊस शेजारच्यांकडून विकत घेतात. मग गाळलेल्या दर टनामागे त्यांच्या स्वतःच्या शेतीचं मूल्यवर्धन १,००० वर येतं आणि गुऱ्हाळाचं १,७०० राहतं. मुख्य काम बदललं. गुळव्या तोच, काहील तीच. फक्त ऊस कुणाच्या फडातून आला यावर निकाल फिरला.

एक बारकावा. कामं बरीच असतील तर थेट सगळ्यात मोठं एकच बारीक काम उचलायचं नाही. आधी मोठा विभाग निवडायचा, मग त्याच्या आतला गट, मग त्याच्या आतलं काम. वरून खाली उतरत जायचं.

पायरी ६: संकेतांक शोधा

भारतात यासाठी राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, २००८ वापरात आहे. बोलताना लोक "एनआयसी कोड" म्हणतात. ते संयुक्त राष्ट्रांच्या चौथ्या सुधारित आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेलं आहे. त्यात 'ए' ते 'यू' असे २१ विभाग आहेत आणि खाली उतरत उतरत पाच अंकी संकेतांकांपर्यंत १,३०४ कामं येतात.

तीन क्षेत्रांशी जोड अशी लावा. 'ए' म्हणजे शेती, वनं, मासेमारी आणि 'बी' म्हणजे खाणी. 'सी' उत्पादन, 'डी' वीज-गॅस, 'ई' पाणी आणि कचरा, 'एफ' बांधकाम. 'जी'पासून पुढे 'यू'पर्यंत सगळ्या सेवा. पहिले दोन अंक पाहिले तरी पुष्कळ कळतं: ०१ ते ०३ शेती व मासेमारी, ०५ ते ०९ खाणी, १० ते ३३ उत्पादन, ३५ ते ३९ वीज-पाणी-कचरा, ४१ ते ४३ बांधकाम, ४५ आणि वर सेवा.

उद्यमच्या अर्जात शोधताना इंग्रजी नावाने चाळत बसण्यापेक्षा आधी दोन अंकी गट ठरवा आणि मग आत शिरा. गुळासाठी: १० खाद्यपदार्थ, १०७ इतर खाद्यपदार्थ, १०७२ साखर; गूळ त्याच्या आत पाचव्या अंकावर वेगळा होतो. गुळाला साखरेच्या पोटात घातलेलं पाहून कोल्हापूरकर नाक मुरडतील, पण कोडवाल्यांना चवीचं काय!

मला दिसलेली नेहमीची चूक म्हणजे यादीतला पहिला मिळताजुळता शब्द उचलणं. मसाले कांडून देणाऱ्या एका ताईंच्या अर्जात कुणीतरी मसाल्यांच्या किरकोळ विक्रीचा कोड टाकला होता. त्यामुळे त्या उत्पादकाऐवजी व्यापारी म्हणून नोंदल्या गेल्या. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी २०२१च्या जुलैपासून खुली झाली, पण त्यांना त्यातून मिळतो तो फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जाचा लाभ. उत्पादकांसाठीच्या बाकीच्या योजना त्यांना नाहीत. एका कोडाची किंमत एवढी असू शकते.

पायरी ७: तक्ता कोणता आहे ते बघा

खाणीवरून दरवर्षी भांडणं होतात. गोव्यातली लोहखनिजाची खाण प्राथमिक की उद्योग? प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक अशी मांडणी असेल तर प्राथमिक. शेती-उद्योग-सेवा अशी मांडणी असेल तर खाणकाम उद्योगात जातं. आर्थिक पाहणीत दुसरी मांडणी दिसते. म्हणून प्रश्नात "प्राथमिक क्षेत्र" म्हटलंय की "शेती व संलग्न क्षेत्र", ते शब्द नीट वाचा. दोन्ही एक नाहीत.

टक्केवारी देतानाही कशाची ते सांगा. २०२३-२४च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातल्या ४६.१ टक्के काम करणाऱ्यांचं काम शेतीत होतं. त्याच वर्षी देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. पहिला आकडा माणसं मोजतो, दुसरा रुपये. निम्म्याच्या जवळपास माणसं आणि पाचव्या हिश्श्याहून कमी रुपये, यातच शेतकऱ्याची रडकथा आहे.

आणखी दोन कसोट्या, ज्या पहिल्या तिघांत मिसळू नयेत

मालकी कुणाची, यावरून सार्वजनिक आणि खासगी. एस.टी. सार्वजनिक, ट्रॅव्हल्सची बस खासगी, दोन्ही तृतीयकच. आपल्याकडे मध्ये सहकारही आहे: मालकी सभासदांची, सरकारची नाही. सहकारी कारखान्याला सार्वजनिक क्षेत्र म्हणू नका.

दुसरी कसोटी संघटित-असंघटित. १९४८च्या कारखाना कायद्यात वीज वापरत असाल तर १० कामगार, नसाल तर २०, अशी कारखाना ठरवायची रेघ होती. २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेत ती २० आणि ४० झाली. असंघटित क्षेत्रावरच्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या मालकीचे, दहापेक्षा कमी कामगारांचे उद्योग असंघटित धरले. पण आयोगाची खरी कामाची गोष्ट वेगळी: असंघटित क्षेत्र आणि असंघटित कामगार यांत फरक करा. मोठ्या नोंदणीकृत कारखान्याच्या गेटमधून आत जाणारा कंत्राटी कामगार संघटित क्षेत्रात काम करतो, पण त्याला ना पीएफ ना रजा. तो असंघटित कामगारच.

ऊसतोडीच्या जोडप्याचं वर्गीकरण आता पूर्ण लिहून बघा: क्षेत्र प्राथमिक, मालकी खासगी, कामगार असंघटित. तीन उत्तरं, तीन वेगळ्या प्रश्नांची. परीक्षेत यांतलं एक दुसऱ्याच्या जागी लिहून गुण जातात.

अण्णांच्या फॉर्मचं काय झालं

सात-बारा बाजूला ठेवला. वहीतून घरचा ऊस किती आणि विकतचा किती ते काढलं. निम्म्याहून थोडा जास्त बाहेरचा निघाला. म्हणून मुख्य काम "उत्पादन", संकेतांक १०७२मधला गुळाचा. स्टॉलवर विकला जाणारा स्वतःचा गूळ गुऱ्हाळाच्या जागेवरच विकला जातो, त्यामुळे तो उत्पादनातच धरला. मध, मसाले आणि चिक्की मात्र आणून विकतात, त्यासाठी किरकोळ विक्रीचा दुसरा संकेतांक जोडला. उद्यममध्ये एकापेक्षा जास्त कामं टाकता येतात. २०२५च्या एप्रिलपासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटी आहे, तेव्हा ते सूक्ष्ममध्ये सहज बसले.

प्रमाणपत्र हातात घेऊन अण्णांनी विचारलं, "मग पुढल्या साली सगळा ऊस घरचाच गाळला तर?" मुलगा म्हणाला, "मग पुन्हा गणित करायचं, अण्णा."